२०४८ : त्रिष्टुभाचा प्रस्तार आणि लोकलमधला खेळ

पदवीच्या वर्गात अक्षरगणवृत्ते शिकवताना एक कोष्टक फळ्यावर लिहावे लागते. चरणात सहा अक्षरे असतील तर लघुगुरूंच्या मांडण्या ६४, सात असतील तर १२८, आठ असतील तर २५६. डावीकडे गायत्री, उष्णिक्, अनुष्टुभ्, बृहती, पंक्ती, त्रिष्टुभ्, जगती ही छंदांची नावे आणि उजवीकडे ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६ हे आकडे. काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या बाजूच्या एका महाविद्यालयात हे कोष्टक लिहून मी वळलो, तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकला होता. विचारल्यावर मुलुंडहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने संकोचाने मोबाइल पुढे केला. "सर, हे सगळे आकडे इथे आहेत." पडद्यावर सोळा घरांचा चौकोन होता आणि त्यात २, ८, ६४, १२८, ५१२ असे रंगीत ठोकळे. खेळाचे नाव होते २०४८.

योगायोग आहे, असे म्हणून मी त्याला मोबाइल आत ठेवायला सांगितले आणि गण पाडायला घेतले. ते उत्तर चुकीचे होते, हे कळायला मला बराच काळ लागला. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

आधी खेळाची हकीकत. गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४मध्ये एका शनिवार-रविवारात हा खेळ तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. चार गुणिले चार घरांच्या पटावर सुरुवातीला दोन ठोकळे असतात. खेळणाऱ्याने डावी, उजवी, वर, खाली यांपैकी एक दिशा निवडायची; पटावरचे सारे ठोकळे त्या दिशेला सरकतात. सारख्या अंकाचे दोन ठोकळे एकमेकांवर आले, की त्यांचा एकच ठोकळा होतो आणि त्यावर दोघांची बेरीज उमटते. प्रत्येक खेळीनंतर एखाद्या रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो. दहांतून साधारण नऊ वेळा तो दोनाचा असतो, एकदा चाराचा. २०४८चा ठोकळा तयार झाला म्हणजे जिंकलो. पट भरला आणि कोणतीच जोडी जुळेनाशी झाली म्हणजे हरलो.

त्याच वर्षी, ८ जून २०१४ रोजी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. उपनगरांतला प्रवासी एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काय करू शकतो, याला मर्यादा आहेत. या खेळाला तेवढाच अंगठा पुरत असे. घड्याळ नाही, प्रतिस्पर्धी नाही, आवाज नाही. स्थानक आले की खिशात टाकावा, पुढच्या गाडीत तिथूनच पुढे खेळावा. मुलुंड ते घाटकोपर या अंतरात तो कितीजणांनी खेळला, याची मोजदाद करणे अशक्य आहे; पण त्या वर्षी कोणत्याही डब्यात मान तिरकी करून शेजाऱ्याच्या हातात पाहिले तर तो दिसे, एवढे नक्की.

या खेळाच्या मुळाशी जी क्रिया आहे, तिला मराठीत फार जुना शब्द आहे : हातचा. दशमान पद्धतीत एका स्थानी दहा जमले, की ते स्थान रिकामे होते आणि पुढच्या स्थानी एक जातो. या पटावर दोन जमले की हातचा पुढे जातो. दोन दोन मिळून चार, दोन चार मिळून आठ. ही द्विमान मोजणी आहे. फरक एवढाच, की इथे स्थाने ठरलेली नाहीत, ती खेळणाऱ्याने स्वतः पटावर रचायची आहेत. पटावरच्या सर्व अंकांची बेरीज विलयाने बदलत नाही. ती वाढते फक्त नव्या ठोकळ्याने, म्हणजे दर खेळीला दोनाने किंवा चाराने, सरासरी २.२ने. २०४८ला २.२ने भागले असता साधारण ९३० येतात. कोणी कितीही चतुर असो, नऊशेच्या वर खेळ्यांची मजुरी त्याला सहसा चुकत नाही. चातुर्य कामाला येते ते या नऊशे खेळ्यांत पट तुंबू न देण्यासाठी.

आता छंदःशास्त्राकडे वळू. पिंगलाच्या सूत्रग्रंथाच्या आठव्या अध्यायात, इतक्या अक्षरांच्या चरणाच्या लघुगुरुभेदाने किती मांडण्या होतील, हे काढण्याची रीत दिलेली आहे. ती पायरीपायरीने दुप्पट करीत बसण्याची रीत नाही. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर एक वजा करावा आणि शून्यापर्यंत यावे. मग उलट पावली परतताना, जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करावी आणि जिथे निम्मी केली होती तिथे वर्ग करावा. त्रिष्टुभाची अकरा अक्षरे घेऊ. उतरताना ११, १०, ५, ४, २, १, ०. परतताना एकापासून आरंभ करून २, ४, १६, ३२, १०२४, २०४८. अकरा वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा पायऱ्यांत काम झाले. दहाव्या शतकातील हलायुधाने आपल्या टीकेत या सूत्रांचा विस्तार केला आणि पुढे केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरा'ने हे सारे गणित पाठशाळांच्या नित्य पाठात आणून ठेवले.

या गणिताला सहा अंगे आहेत. त्यांना प्रत्यय म्हणतात. त्यांतील 'संख्या' म्हणजे वर सांगितलेली रीत. 'प्रस्तार' म्हणजे सर्व मांडण्यांची क्रमाने यादी : आरंभी सर्व गुरू, अखेरीस सर्व लघू. 'नष्ट' म्हणजे यादीतील क्रमांकावरून मांडणी शोधणे आणि 'उद्दिष्ट' म्हणजे मांडणीवरून क्रमांक शोधणे. मला वर्गात चूक कळली ती या उद्दिष्टापाशी. तिथली रीत अशी : चरणातील अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे अंक लिहावेत, लघू अक्षरांवर जे अंक आले असतील त्यांची बेरीज करावी आणि तीत एक मिळवावा.

इंद्रवज्रेचे गण त, त, ज आणि शेवटी दोन गुरू. म्हणजे तिसरे, सहावे, सातवे आणि नववे अक्षर लघू. त्यांवरचे अंक ४, ३२, ६४, २५६. बेरीज ३५६, एक मिळवला, ३५७. त्रिष्टुभाच्या २०४८ मांडण्यांत इंद्रवज्रा तीनशे सत्तावन्नावी. उपेंद्रवज्रेत पहिले अक्षरही लघू असते, म्हणून ती तीनशे अठ्ठावन्नावी. दोघी प्रस्तारात शेजारणी आहेत. उपजातीत कवी त्या दोघींना एकाच श्लोकात नांदवतात, याचे कानाला जे कारण वाटते त्याला या शेजारपणात अंकांचाही दुजोरा मिळतो. शालिनीत फक्त सहावे आणि नववे अक्षर लघू. ३२ आणि २५६ मिळून २८८, म्हणून ती दोनशे एकोणनव्वदावी.

अक्षरांच्या डोक्यावर लिहिलेले हे अंक आणि त्या विद्यार्थ्याच्या पटावरचे ठोकळे, एक हा अंक सोडला तर, एकच आहेत. अकराव्या अक्षरावर १०२४ येतो. अकराही अक्षरे लघू असली तर सर्व अंकांची बेरीज २०४७ होते, तीत एक मिळवला की २०४८, आणि प्रस्तार तिथे संपतो. पटावरही तेच घडते. १०२४, ५१२, २५६ असे उतरत उतरत शेवटच्या दोनापर्यंत दहा ठोकळे ओळीने रचले, तर त्यांची बेरीज २०४६ असते. शेवटच्या दोनाशेजारी आणखी एक दोन आला, की हातचा ओळीतून धावत जातो आणि २०४८चा ठोकळा उभा राहतो. चिरुल्लीने पिंगल वाचला होता, असे मला सुचवायचे नाही. दोन पर्यायांची निवड पुनःपुन्हा करीत गेले, की माणूस कुठेही असो, याच शिडीवर येतो. छंदःशास्त्रज्ञ या शिडीवर ल आणि ग यांच्यामुळे आले, यंत्रगणक बंद आणि चालू या दोन अवस्थांमुळे. याला योगायोग म्हणणे म्हणजे शिडी न पाहणे.

आता डावपेच. या खेळाचा डावपेच थोडक्यात सांगता येतो. मात्र प्रत्येक नियमाचे कारण कळले तरच तो पाळला जातो. पहिला नियम : सर्वांत मोठा ठोकळा एका कोपऱ्यात ठेवावा आणि तिथून हलू देऊ नये. कोपऱ्यातील ठोकळ्याला दोनच बाजूंनी शेजारी असतात. तो मध्ये आला तर लहान ठोकळ्यांच्या येण्याजाण्याची वाट अडवतो. दुसरा : मुख्यतः दोन दिशांनी खेळावे, उदाहरणार्थ खाली आणि डावीकडे, उजवी दिशा जपून वापरावी आणि वरची दिशा नाइलाज झाल्यावरच. वर सरकवले की तळाच्या ओळीत मोकळी जागा होते आणि नवा दोन नेमका तिथे येऊन बसतो. मग डोक्यावर ५१२ आणि पायाशी दोन अशी अवस्था होते, आणि तो दोन बाहेर काढायला कित्येक खेळ्या खर्च होतात.

तिसरा नियम दुसऱ्यातून निघतो : तळाची ओळ भरलेली आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या अंकांची असावी, म्हणजे डावी-उजवी खेळताना ती हलत नाही. चौथा : अंक उतरत्या क्रमाने नागमोडी रचावेत, तळाची ओळ डावीकडून उजवीकडे उतरत जावी, तिच्या वरची उजवीकडून डावीकडे. असे केले तरच हातचा अडथळ्याविना धावतो. पाचवा नियम घाईविरुद्ध आहे. प्रत्येक खेळीला एक ठोकळा वाढतो आणि प्रत्येक विलयाने एक कमी होतो. म्हणून दर खेळीला सरासरी एक विलय झाला तर पट तुंबत नाही. परंतु समोर दिसली म्हणून कोणतीही जोडी जुळवावी, असे नव्हे. चुकीच्या जागी झालेला विलय क्रम मोडतो, आणि मोडलेल्या क्रमाची किंमत पुढच्या वीस खेळ्या चुकवतात.

हे नियम पाळणाऱ्याला २०४८ गाठणे अवघड राहत नाही, पुढेही जाता येते. पण किती पुढे? सोळाच घरे असल्याने शिडीला शेवट आहे. सर्व काही अनुकूल घडले आणि नेमक्या क्षणी दोनाऐवजी चार आला, तरी १३१०७२च्या वर ठोकळा तयार होऊ शकत नाही. त्यानंतर पट भरतोच. म्हणजे हा खेळ उत्तम खेळणाराही अखेरीस हरतो. डावपेचाने ती हार लांबते, तिला आकार येतो, पण ती टळत नाही.

इथे एका मराठी माणसाची आठवण येणे अपरिहार्य आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १९०५चा. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३०पासून १९६२पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या संशोधनातील एका संख्याकुलाचे नाव आहे 'डेमलो संख्या'. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्थानकात ही कल्पना त्यांना सुचली, त्याचे हे नाव. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. घाटकोपर, मुलुंड, ठाणे ओलांडून पुढे जाणारी तीच ही लोहमार्गाची रेघ. या संख्यांवरील त्यांचे टिपण १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आले.

डेमलो संख्या हाही अंकांच्या विलयाचाच खेळ आहे. २३ला ११११ने गुणा. २३ चार वेळा, प्रत्येक वेळी एक घर सरकवून, एकाखाली एक लिहिला जातो. दोन आणि तीन एकमेकांवर येतात, मिळून पाच होतात. उत्तर येते २५५५३. टोकाला मूळचे दोन आणि तीन, मध्ये त्यांच्या बेरजेची रांग. १५ घेतला तर १६५, १६६५, १६६६५. १११ला १११ने गुणले तर १२३२१ असा मनोरा, नऊ एकांपर्यंत तो निर्वेध चढतो आणि उतरतो : १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचा येतो आणि मनोरा ढासळतो. स्थानकावर उभ्या माणसाला सुचावे असेच हे आहे. डबे एकामागून एक सरकतात आणि डोळ्यांसमोर एकमेकांवर येतात.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४मुळे. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग बदलत नाही. आपली २०४८च घेऊ. ८४२०मधून ०२४८ वजा केले, ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीला ६१७४.

या दोन खेळांतला भेद विचार करण्यासारखा आहे. दोन्हींचा शेवट ठरलेला. कापरेकरांच्या क्रियेत मात्र खेळणाऱ्याला निवड नाही. संख्या एकदा घेतली की मार्गही ठरला. तिथे आनंद आहे तो पाहण्याचा. २०४८मध्ये शेवट ठरलेला असूनही वाट आपली आहे. आपल्या परंपरेत दैव आणि पुरुषार्थ यांचा जो वाद चालत आला, त्याची दोन छोटी प्रतिरूपे म्हणून या खेळांकडे पाहता येईल. पुरुषार्थाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही शेवट टळतो असे क्वचितच म्हटले आहे.

कापरेकरांना त्यांच्या हयातीत देशातील गणितज्ञांनी फारसे गंभीरपणे घेतले नाही. त्यांचे काम करमणुकीच्या सदरात टाकले गेले; बऱ्याचशा पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे त्यांच्या नावाचा बोलबाला झाला. निवृत्तीनंतर पोटासाठी शिकवण्या करणारा हा शिक्षक १९८६ साली वारला. मी वर्गात त्या मुलाला मोबाइल ठेवून द्यायला सांगितले, तेव्हा अंकांशी खेळणाऱ्याला रिकामटेकडा समजणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो, असे आता वाटते.

तरीही खेळाची बाजू घेताना एक प्रश्न टाळता येणार नाही. २०४८ ही कोणाची निर्मिती? अॅशर वोल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा 'थ्रीज' हा खेळ फेब्रुवारी २०१४मध्ये आला होता. तो घडवायला त्यांना सुमारे चौदा महिने लागले. त्याच्यासारखा '१०२४' निघाला आणि '१०२४'वरून चिरुल्लीचा २०४८. 'थ्रीज'च्या कर्त्यांनी आपला त्या महिन्यांचा पत्रव्यवहारच प्रसिद्ध केला. फेकून दिलेले आराखडे आणि फसलेले प्रयोग त्यात होते. आपली खंत त्यांनी लपवली नाही. चिरुल्लीने आपले ऋण मान्य केले होते आणि खेळ विनामूल्य ठेवला होता. पण श्रम एकाचे आणि प्रसिद्धी दुसऱ्याची, हे शल्य त्याने जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद अनोळखी नाही. वृत्तावर कोणाची मालकी नसते. ज्याला साधेल त्याने इंद्रवज्रा लिहावी. कवितेवर मात्र कवीचे नाव असते. खेळाचा नियम हा वृत्तासारखा की कवितेसारखा? चिरुल्लीच्या दृष्टीने त्याने वृत्त उचलले होते. वोल्मरच्या दृष्टीने ते वृत्त नव्हतेच. अनेक कच्चे खर्डे फाडून सापडलेली ती कविता होती. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण साधा नियम साधा दिसण्यापूर्वी कोणीतरी तो शोधलेला असतो. वृत्तेही कधीकाळी कोणाच्या तरी कानाने शोधली असतील. ती नावे हरवली, म्हणून ती सर्वांची झाली.

आणि इथेच अंकांची मर्यादाही दिसते. त्रिष्टुभात मांडण्या २०४८. परंपरेने नाव देऊन जपलेली वृत्ते त्यांतील मूठभर. बाकीच्या मांडण्या शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहेत. प्रत्येकीला क्रमांक आहे, पण त्यांच्यात कोणी गायले नाही. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'ला मुंबई विद्यापीठाने १९३८ साली डी. लिट. दिली, त्या ग्रंथाचे मोल वृत्तांच्या गणतीत नाही, मराठी कान कोणत्या चालीवर थांबतो याच्या शोधात आहे. प्रस्तार शक्यता मांडतो, निवड कान करतो. खेळातही घरे आणि नियम सर्वांना सारखेच मिळतात; नऊशे खेळ्या कोणत्या, हे मात्र खेळणाराच ठरवतो.

हल्ली त्रिष्टुभाच्या कोष्टकाशी आलो, की हा आकडा कोणी कुठे पाहिला आहे, असे मीच विचारतो. पूर्वीइतके हात वर होत नाहीत. खेळ आता जुना झाला. जे वर होतात त्यांच्यापैकी एकाला फळ्यापाशी बोलावतो आणि इंद्रवज्रेच्या अकरा अक्षरांवर एकापासून दुप्पट करीत अंक लिहायला सांगतो. १०२४पर्यंत पोहोचताना त्याचा हात कुठेच अडखळत नाही. मग लघू अक्षरांवरचे अंक मिळवायचे, एक वाढवायचा. तीनशे सत्तावन्न येतात, आणि त्यानंतर आम्ही ते वृत्त म्हणायला घेतो.